समजून वाचणे व चक्रवाढीचे गणित

(परीक्षेला बसणाऱ्या तरुणांसाठी व त्यांना शिकविणाऱ्यांसाठी एक अभ्यासपाठ)

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०, नहेम्या ५:१-१३, मार्क ४:२६-२९
पाठाचा उद्देश : इंग्रजी उतारा समजून कसा वाचावा व चक्रवाढ व्याजाचे गणित कसे करावे हे शिकणे, आणि अभ्यास करणाऱ्याशेजारी बसणे हे मंडळीचेही काम आहे हे ओळखणे.
साहित्य : फळा, खडू, एक इंग्रजी वर्तमानपत्र, मराठी व इंग्रजी पवित्र शास्त्र.

प्रस्तावना

आमच्या बडोद्याच्या मंडळीतील एक तरुण काही महिने उपासनेला येईनासा झाला. बी. कॉम. झालेला, शब्बाथशाळेत लहानाचा मोठा झालेला, नाताळात गायनवृंदात उभा राहणारा मुलगा. आम्ही चौकशी केली तेव्हा त्याच्या आईने सांगितले, "बँकेच्या परीक्षेत तो तिसऱ्यांदा राहिला. देवळात आला की सगळे एकच विचारतात, 'काय रे, निकालाचे काय झाले?' म्हणून येत नाही."

हे ऐकून आम्ही खाली मान घातली, कारण विचारणाऱ्यांत आम्हीही होतो. त्याहून वाईट म्हणजे, दुसऱ्यांदा तो राहिला तेव्हा आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून "प्रार्थना कर, सर्व ठीक होईल" असे म्हटले होते आणि घरी निघून आलो होतो. प्रार्थना करावी हे खरेच आहे. पण त्याचे नेमके कोठे अडते, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते.

मग एका शनिवारी आम्ही त्याच्या घरी गेलो व हा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "काका, दोन ठिकाणी. इंग्रजी उतारा वाचतो, शब्द कळतात, पण प्रश्न आला की उत्तर सापडत नाही. आणि चक्रवाढ व्याज. सूत्र पाठ आहे, पण गणित जरा फिरवून घातले की चुकते." त्या दिवसापासून दर शनिवारी संध्याकाळी देवळाच्या सभागृहात आम्ही त्याच्याबरोबर बसू लागलो. पुढे आणखी चारपाच मुले आली. त्या बसण्यातून आम्ही जे शिकलो तेच या पाठात मांडीत आहोत.

१. रथातील खजिनदार

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील कूशी अधिकारी आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तो कांदके राणीचा खजिनदार होता. म्हणजे हिशेबात तो पक्का असलाच पाहिजे. तरीही यशयाचा ग्रंथ हातात घेऊन वाचीत असता त्याला अर्थ लागत नव्हता. हुशार मनुष्यालाही वाचलेले समजत नाही असे होते, व त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, ही या भागातील पहिली दिलासा देणारी गोष्ट होय.

शिकविणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, तो मोठ्याने वाचीत होता. फिलिप्पाने त्याचे वाचणे ऐकले. दुसरी, समजते काय असे विचारल्यावर त्याने ऐट केली नाही. कोणी दाखविल्याशिवाय कसे समजणार, अशा अर्थाचे सरळ उत्तर दिले. तिसरी, फिलिप्पाने रथाबरोबर धावत व्याख्यान दिले नाही. तो वर चढला, शेजारी बसला, आणि जो उतारा उघडा होता त्याच उताऱ्यापासून त्याने आरंभ केला.

मोठ्याने वाचणे, समजले नाही हे कबूल करणे आणि कोणीतरी शेजारी बसणे, या तीन गोष्टी नसल्या तर पुस्तकांचा ढीग असूनही अभ्यास पुढे सरकत नाही.

२. बडोद्याचा दाखला

आमची मुले म्हणतात, "आता फार उशीर झाला. इंग्रजी लहानपणीच यावे लागते." त्यांना आम्ही आमच्याच शहरातील एक गोष्ट सांगतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेला गोपाळराव नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्यास आणला गेला. महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले, तेव्हा तो बारा वर्षांचा होता व त्याला लिहितावाचता येत नव्हते. तेथून त्याचा अभ्यास सुरू झाला. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा एकाच वेळी! इलियट नावाचे इंग्रज शिक्षक त्याच्यासाठी नेमले गेले. १८८१ च्या डिसेंबरात राज्याचा पूर्ण अधिकार हाती आला तेव्हा तो तरुण कारभार पाहण्याइतका तयार झाला होता. हेच महाराजा सयाजीराव गायकवाड.

ज्याने स्वतः उशिरा अक्षरे गिरविली त्याला अक्षराची किंमत कळली. १८९३ साली अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. १९१० साली अमेरिकेहून बोर्डेन नावाचे ग्रंथपाल आणून गावोगावी वाचनालये उघडण्याचे काम हाती घेतले. फिरती ग्रंथालयेसुद्धा त्यांत होती. आणि १९०८ साली २० जुलै रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन केली. वाचनालय आणि बँक ही दोन्ही एकाच मनुष्याने याच शहराला दिली. म्हणून वाचन व व्याज हे दोन विषय एकत्र शिकणे बडोदेकरांना परके वाटू नये.

३. इंग्रजी उतारा कसा वाचावा?

बँकांच्या भरतीच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजी, गणित व तर्कशक्ती असे तीन भाग असतात व प्रत्येक भागाला वीस मिनिटे मिळतात. परदेशी शिक्षणासाठी आयेल्ट्स देणाऱ्यांना वाचनाच्या भागात साठ मिनिटांत चाळीस प्रश्न सोडवावे लागतात. परीक्षा कोणतीही असो, वाचनाची कला एकच आहे.

(अ) कर्ता व क्रियापद शोधा. आपल्या मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. वाक्य संपेपर्यंत वाट पाहण्याची आपल्या कानाला सवय असते. इंग्रजीत क्रियापद बहुधा कर्त्यामागोमाग येते व मग शेपटीसारखी उपवाक्ये जोडली जातात. म्हणून लांब वाक्य आले की घाबरू नये. 'कोणी?' व 'काय केले?' हे दोन प्रश्न विचारून त्या दोन शब्दांखाली रेघ ओढावी. बाकीचे वाक्य मग आपोआप जागेवर बसते.

(आ) लहान शब्दांकडे लक्ष द्या. मुले मोठ्या शब्दांना भितात, पण गुण जातात ते लहान शब्दांमुळे. 'दो द रेन्स वेअर लेट, द फार्मर्स डिड नॉट लूज होप' हे वाक्य घ्या. 'दो' हा शब्द सुटला तर पाऊस उशिरा आला एवढेच लक्षात राहते, आणि 'शेतकरी निराश झाले' या पर्यायावर खूण केली जाते. 'बट', 'हाउएव्हर', 'अनलेस', 'अन्टिल' हे शब्द रस्त्यावरील वळणाच्या पाट्यांसारखे आहेत. 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच, आणि 'अ फ्यू' म्हणजे थोडे तरी आहेत. 'हार्ड' म्हणजे कठीण किंवा कसून, पण 'हार्डली' म्हणजे क्वचितच. हे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

(इ) परिच्छेदाचे सार मराठीत सांगा. प्रत्येक परिच्छेद संपल्यावर पुस्तक उपडे ठेवून शेजाऱ्याला एका वाक्यात सांगावे, "यात असे असे म्हटले आहे." सांगता आले नाही तर फक्त डोळे फिरले, वाचन झाले नाही. आमच्या त्या तरुणाचे नेमके हेच होत होते. पहिल्या शनिवारी त्याला पाचपैकी एकाच परिच्छेदाचे सार सांगता आले. शब्द त्याला येत होते, पण थांबून विचार करण्याची सवय नव्हती.

(ई) अडलेल्या शब्दापाशी खिळून राहू नका. मागचे व पुढचे वाक्य वाचून अदमास करावा, खूण करून पुढे जावे, आणि उतारा संपल्यावरच शब्दकोश उघडावा. परीक्षेत शब्दकोश मिळत नाही. अदमासाची सवय मात्र बरोबर येते.

(उ) उत्तर उताऱ्यात आहे, आपल्या मनात नाही. आपल्याला काय खरे वाटते असे परीक्षक विचारीत नाही. लेखकाने काय म्हटले आहे असे विचारतो. म्हणून निवडलेल्या पर्यायाचा पुरावा म्हणून उताऱ्यातील ओळीवर बोट ठेवता आले पाहिजे. 'ऑल', 'ओन्ली', 'नेव्हर' असे टोकाचे शब्द असलेला पर्याय दोनदा तपासावा. तो नेहमीच चूक असतो असे नाही, पण पुष्कळदा लेखकाने तितके ठासून म्हटलेले नसते.

सरावासाठी एक सोपा मार्ग आपल्या घरातच आहे. मार्काच्या शुभवर्तमानात सोळा अध्याय आहेत. रोज एक अध्याय आधी मराठीत वाचावा व मग तोच इंग्रजीत मोठ्याने वाचावा. अर्थ आधीच माहीत असल्याने लक्ष वाक्यरचनेकडे देता येते. मात्र यासाठी आजच्या सोप्या इंग्रजीतील भाषांतर घ्यावे. १६११ सालचे जुने भाषांतर भक्तीला गोड असले तरी त्यातील क्रियापदांची रूपे आजच्या परीक्षेत चालणार नाहीत. सोळा दिवसांनी वर्तमानपत्रातील अग्रलेखाकडे वळावे.

४. चक्रवाढीचे गणित

सरळ व्याज प्रत्येक वर्षी मूळ मुद्दलावरच आकारले जाते. चक्रवाढ व्याजात वर्षअखेर व्याज मुद्दलात मिळते व पुढच्या वर्षी त्या व्याजावरही व्याज लागते. सरळ व्याजात आपण दरवर्षी तीच रक्कम मिळवितो. चक्रवाढीत दरवर्षी त्याच पटीने गुणतो. हा 'मिळविणे' व 'गुणणे' यांतील फरक ज्याला कळला त्याला अर्धा धडा आला.

दहा हजार रुपये, शेकडा १० दराने घेऊ. फळ्यावर असे लिहावे :

३ वर्षांनी : सरळ व्याजाने रास १३,००० रुपये, चक्रवाढीने १३,३१० रुपये.
१० वर्षांनी : सरळ २०,०००, चक्रवाढ सुमारे २५,९३७.
२० वर्षांनी : सरळ ३०,०००, चक्रवाढ सुमारे ६७,२७५.
३० वर्षांनी : सरळ ४०,०००, चक्रवाढ सुमारे १,७४,४९४.

तीन वर्षांनी फरक फक्त ३१० रुपयांचा आहे. तीस वर्षांनी तो एक लाख चौतीस हजारांच्या वर जातो. ही वाढ आरंभी दिसत नाही व मागून आवरत नाही. गणितात तिला घातांकी वाढ म्हणतात, कारण जितकी वर्षे तितका त्या पटीचा घात. वरील उदाहरणात पट १.१ आहे, तीन वर्षांसाठी १.१ तीन वेळा गुणायचे, तीस वर्षांसाठी तीस वेळा. सूत्र एवढेच सांगते : रास म्हणजे मुद्दल गुणिले पटीचा मुदतीइतका घात. हे समजले की सूत्र घोकावे लागत नाही.

ही गोष्ट आपल्या मातीला नवीन नाही. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची माहिती कोरली आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. त्यात एक उदाहरण असे आहे की, एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या व रोज दुप्पट देण्याचे वचन दिले, तर महिन्याभरात किती होतील? मुलांना आधी अंदाज करायला सांगावे. मग मोजावे : दहाव्या दिवशी १,०२४ कवड्या, तिसाव्या एका दिवशीच १,०७,३७,४१,८२४, आणि सारी बेरीज २,१४,७४,८३,६४६. दोन कवड्यांनी आरंभ करणाऱ्या दात्याला दोनशे चौदा कोटींवर कवड्या द्याव्या लागल्या! आमच्या वर्गातील सर्वांत मोठा अंदाज एक लाखाचा होता.

परीक्षेत हेच गणित नाना वेष घेऊन येते. लोकसंख्या वाढते, यंत्राची किंमत घटते, जंतू दुप्पट होतात. पट ओळखली की सारी एकच. पुढील जागा विशेष सांभाळाव्यात :

(अ) व्याज सहामाही असेल तर दर निम्मा व मुदती दुप्पट. दहा हजारांवर शेकडा १० सहामाही दराने एका वर्षात ११,००० नव्हे, तर ११,०२५ होतात.

(आ) शेकडा २० ने वाढ व मग शेकडा २० ने घट झाली म्हणजे मूळ आकडा परत येतो असे नाही. १०,००० चे १२,००० होतात, आणि १२,००० चे ९,६००.

(इ) दोन वर्षांच्या चक्रवाढ व सरळ व्याजातील फरक म्हणजे पहिल्या वर्षाच्या व्याजावरील एका वर्षाचे व्याज. दहा हजारांवर शेकडा १० ने पहिले व्याज १,०००. त्यावरील व्याज १००. हाच फरक.

(ई) रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल हे अदमासाने पाहायचे तर ७२ ला दराने भागावे. शेकडा ८ ने सुमारे ९ वर्षे, शेकडा १२ ने सुमारे ६ वर्षे. हा अंदाज आहे, नियम नव्हे. पण चुकीचे पर्याय खोडायला पुरतो.

(उ) एखादी रक्कम ५ वर्षांत दुप्पट होते, तर आठपट किती वर्षांत? पुष्कळ मुले २० म्हणतात. पाच वर्षांत दुप्पट, दहांत चौपट, पंधरांत आठपट. उत्तर १५.

५. एक कागद

आता ज्या प्रसंगाने आमचा हा वर्ग खऱ्या अर्थाने सुरू झाला तो सांगतो. मुलाच्या वडिलांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो.

पाचव्या की सहाव्या शनिवारी तो तरुण एक घडी घातलेला कागद घेऊन आला. घरात आजारपण आले तेव्हा वडिलांनी एका सावकाराकडून वीस हजार रुपये घेतले होते, दरमहा शेकडा पाच दराने. वडिलांना वाटे, "शेकडा पाच म्हणजे काय मोठे? महिन्याचे हजार रुपये." वर्षभर काहीच भरता आले नाही. त्यांच्या हिशेबाने बत्तीस हजार व्हायला हवे होते. सावकार ३५,९१७ मागत होता. वडील म्हणत, सावकार फसवितो. घरात रोज यावरून बोलाचाली होई.

कागदावर वडिलांनी सही केली होती, पण मजकूर इंग्रजीत होता. आम्ही त्या तरुणाला म्हटले, "अरे, हाही एक उतारा आहे. वाच मोठ्याने." तो वाचू लागला व एका ओळीपाशी थांबला. तिच्या आरंभी 'अनलेस' होते. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला व्याज भरले नाही, तर ते मुद्दलात मिळविले जाईल, असा त्या ओळीचा अर्थ होता. त्याने कच्च्या कागदावर १.०५ चा बारावा घात काढला. १.७९५८६ आला. वीस हजारांनी गुणले. ३५,९१७.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, हिशेब बरोबर आहे. बाबांना हे कोणी वाचून दाखविले नव्हते." त्याने पुढच्या वर्षाचा आकडा काढला : ६४,५०२. ती रात्र त्याने वडिलांशेजारी बसून, महिना-महिना करून, तो हिशेब त्यांना मराठीत समजावून सांगितला. आमच्या दृष्टीने त्या मुलाची पहिली परीक्षा तीच, आणि तीत तो उत्तीर्ण झाला.

वडिलांनी नोकरीच्या ठिकाणच्या पतपेढीतून सालीना शेकडा बारा दराने कर्ज काढले व सावकाराचे खाते बंद केले. पाच टक्के महिन्याचे आणि बारा टक्के वर्षाचे, यांतील अंतर आता त्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही. गुजरातेत सावकारीसाठी २०११ सालचा कायदा आहे व सावकाराला परवाना लागतो. कर्ज घेण्यापूर्वी तो पाहावा, आणि न समजलेल्या कागदावर सही करू नये. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात गरीब बांधवांची शेते व मुलेबाळे कर्जापायी गेली तेव्हा नहेम्या संतापला, पण त्याने आधी मनाशी नीट विचार केला व मग सरदारांना सभेत जाब विचारला. संतापाला हिशेबाची जोड असली म्हणजे ती अशी उपयोगी पडते.

६. परीक्षेच्या खोलीत

बँकांच्या या परीक्षांत चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. हेही एक गणितच आहे. पाच पर्याय असताना डोळे मिटून खूण केली, तर पाचांत एकदा एक गुण मिळतो व चारदा पाव पाव गुण जातो. शेवटी शिल्लक शून्य. पण दोन पर्याय निश्चित खोडता आले तर उरलेल्या तिहींत एकदा एक गुण व दोनदा पाव पाव वजा. म्हणजे अर्धा गुण हाती राहतो. म्हणून आंधळा अंदाज करू नये, पण अर्धवट माहितीला घाबरूही नये.

आधी सोपे प्रश्न घ्यावेत. एकाच गणितावर दोन मिनिटांहून अधिक गेली तर सोडून पुढे जावे. घरी सराव करताना घड्याळ समोर असावे. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही करावी व दर आठवड्याला ती आधी उघडावी. आम्ही पाहिले की मुले तीच तीच चूक पुन्हा करतात, नवीन चुका फार थोड्या असतात.

७. दोन प्रकारची वाढ

कर्ज रात्रीही वाढते. कर्जदार झोपला तरी व्याज झोपत नाही. मार्काच्या चौथ्या अध्यायात प्रभूने सांगितलेल्या दृष्टांतातही एक मनुष्य रात्री निजतो, सकाळी उठतो, आणि पेरलेले बी वाढत असते. कसे ते त्याला कळत नाही. एक वाढ माणसाला खाते, दुसरी माणसाला अन्न देते. दोहोंचा आरंभ इतका लहान असतो की कोणाच्या नजरेत भरत नाही.

रोजचा एक उतारा व रोजची तीन गणिते हे असेच बी आहे. महिनाभर काहीच वाढले नाही असे वाटते. म्हणून मुले सोडून देतात, आणि आईवडील चिडतात. तेव्हा चक्रवाढीचा तक्ता त्यांना दाखवावा : पहिल्या ओळीतील दोन्ही आकडे किती जवळजवळ आहेत! मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माणूस सूत्राप्रमाणे वाढत नाही. त्याला विसर पडतो, आजार येतो, मन खचते. बियाला जसे पाणी लागते तशी अभ्यासाला उजळणी लागते, आणि खचलेल्या मनाला माणूस लागतो.

तो तरुण पुढच्या वेळी पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाला. मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिला. तो पुन्हा बसणार आहे. ही यशाची गोष्ट म्हणून आम्ही सांगत नाही. निकाल अजून यायचा आहे. पण तो आता उपासनेला येतो, आणि शनिवारी आठवीतल्या दोन मुलांशेजारी बसून त्यांना चक्रवाढ व्याज शिकवितो. फिलिप्पाची जागा आता त्याने घेतली आहे.

शिक्षकांसाठी सूचना

१. मुलाला भेटताच निकाल विचारू नका. "कोठे अडते?" असे विचारा.
२. दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने सार सांगावे.
३. लीलावतीतील कवड्यांचे गणित आधी अंदाजाने, मग फळ्यावर करून घ्या.
४. घरातील एखादा खरा कागद, जसे पासबुक किंवा विम्याची पावती, आणायला सांगा व एकत्र वाचा. खाजगी आकडे झाकून ठेवावेत.
५. नापास झाल्यावर एखादे मूल गप्प बसू लागले, जेवेनासे झाले, तर त्याला एकटे सोडू नका. पालकांना व पाळकांना सांगा, आणि गरज वाटल्यास डॉक्टरांकडे नेण्यास संकोच करू नका.

सरावाची गणिते

१. ५,००० रुपयांवर शेकडा ८ दराने २ वर्षांच्या चक्रवाढ व सरळ व्याजातील फरक किती? (उत्तर : ३२ रुपये)
२. एका गावाची लोकसंख्या ५०,००० आहे व दरवर्षी शेकडा ४ ने वाढते. दोन वर्षांनी किती? (उत्तर : ५४,०८०)
३. ८०,००० रुपयांच्या यंत्राची किंमत दरवर्षी शेकडा १० ने घटते. तीन वर्षांनी किती? (उत्तर : ५८,३२० रुपये)

चर्चेसाठी प्रश्न

१. खजिनदाराने आपल्याला समजत नाही हे कबूल केले नसते तर काय झाले असते? आपण ते कबूल करायला का लाजतो?
२. आपल्या मंडळीत परीक्षेला बसणारे किती जण आहेत? त्यांच्यापैकी कोणाशेजारी आपण बसलो आहोत?
३. न वाचता सही केलेला कागद आपल्या घरी आहे काय?

प्रार्थना

हे प्रभो, जे वाचतात त्यांना अर्थ कळू दे, जे मोजतात त्यांना धीर दे, आणि आम्हांला रथात चढून शेजारी बसायला शिकीव. आमेन.